गिफ्ट कार्डावर विमानाचं तिकीट: कुठे निघतं, कुठे अडतं

दिवाळीच्या तोंडावर सांगलीजवळच्या कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यांतून, मार्केट यार्डातल्या अडत पेढ्यांतून बोनसची पाकिटं घरी येतात. हल्ली त्यांतल्या बऱ्याच पाकिटांत नोटांऐवजी बँकेचं गिफ्ट कार्ड निघतं. पाच हजारांचं, दहा हजारांचं. सण उरकला की विटा-खानापूर भागातली गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातली, मंडळी आपापल्या दुकानी परतायला लागतात. कोणी कोचीला, कोणी कोइमतूरला, कोणी पार गुवाहाटीला. घरात कार्ड आहे आणि प्रवासही ठरलेला आहे, मग यावरच तिकीट काढू, असं सगळ्यांनाच वाटतं. तिकीट निघतं, पण प्रत्येक कार्डावर निघत नाही, आणि ते रद्द करायची वेळ आली तर पैसे परत यायला कार्ड जपून ठेवलेलं असावं लागतं. म्हणून प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेल्या, कार्डांचं हे परीक्षण फक्त एका कामापुरतं आहे: इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्सप्रेस, स्पाइसजेट यांसारख्या कमी भाड्याच्या कंपन्यांचं तिकीट काढणं आणि गरज पडल्यास त्याचे पैसे परत मिळवणं.

आधी निकाल सांगतो. पूर्ण केवायसी (ओळख आणि पत्त्याची पडताळणी) केलेलं, पुन्हा पैसे भरता येणारं प्रीपेड कार्ड या कामाला चांगलं, पाचपैकी चार गुण. गिफ्ट कार्ड एका माणसाच्या एकेरी तिकिटाला ठीक, कुटुंबाच्या तिकिटाला त्रासाचं, अडीच गुण. कंपनीकडून मिळणारं जेवणाचं कार्ड या कामाला शून्य. परकीय चलन भरलेलं फॉरेक्स कार्ड देशातल्या तिकिटाला शून्य, परदेशी कंपनीच्या तिकिटाला मात्र उपयोगी.

गिफ्ट कार्डाला कमी गुण का, ते रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच आहे. गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं असतं, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, रोख काढता येत नाही आणि दुसऱ्या खात्यावर वळवताही येत नाहीत. पुन्हा भरता येणाऱ्या कार्डाचे दोन प्रकार. मोबाइल नंबर आणि एखादं ओळखपत्र एवढ्यावर मिळणाऱ्या कार्डात एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत शिल्लक राहू शकते, महिन्याला १०,००० आणि वर्षाला १,२०,००० रुपयांपर्यंतच भरणा होतो. पूर्ण केवायसी केली की शिल्लक २ लाखांपर्यंत चालते. रोखीने भरणा करायचा असेल तर महिन्याला ५०,००० ची मर्यादा आहे. चार जणांचं जाऊन-येऊन तिकीट दहा हजारांत बसत नाही, त्यामुळे केवायसीचा अर्धा तास खर्च करणं परवडतं.

आता पेमेंटचं पान. इथे सगळ्यात जास्त घोटाळा एका शब्दाने होतो. विमान कंपन्यांच्या पानावर बरेचदा गिफ्ट व्हाउचर नावाचा एक पर्याय असतो. हातात गिफ्ट कार्ड असलेला माणूस साहजिकच तिकडे जातो, सोळा आकडे टाकतो आणि ‘अवैध’ असं उत्तर येतं. तो रकाना विमान कंपनीने स्वतः विकलेल्या व्हाउचरसाठी आहे. बँकेचं गिफ्ट कार्ड क्रेडिट किंवा डेबिट कार्डाच्या रकान्यातच टाकायचं. प्रीपेड म्हणून वेगळा रकाना सहसा नसतोच. कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून समोरच्या यंत्रणेला बँक कोणती आणि कार्ड क्रेडिट, डेबिट की प्रीपेड, हे आपोआप कळतं. ४ ने सुरू होणारं व्हिसा, ५ किंवा २ ने सुरू होणारं मास्टरकार्ड, ६० किंवा ६५ ने सुरू होणारं बहुधा रुपे. याच कारणाने ‘अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर इतकी सूट’ ही जाहिरात त्याच बँकेच्या प्रीपेड कार्डाला लागू होत नाही. सूट धरून हिशेब केलेला असला तर शेवटच्या पानावर रक्कम कमी पडते.

कार्ड हातात धरून एकदा नीट बघा. समोर सोळा आकडे, मुदतीचा महिना आणि वर्ष. नावाच्या जागी बहुतेक वेळा ‘गिफ्ट कार्ड’ असंच छापलेलं असतं. मागे तीन आकडी सीव्हीव्ही. पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर किंवा खरडून काढायच्या पट्टीखाली चार आकडी पिन असतो. तो दुकानातल्या स्वाइप मशीनसाठी आहे, सीव्हीव्हीच्या रकान्यात तो चालत नाही. नावाच्या रकान्यात कार्ड वापरणाऱ्याचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं तरी देशातल्या व्यवहारात अडचण येत नाही, कारण इथे खरी ओळख ओटीपीने पटते.

आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, हे कार्ड मिळाल्याच्या दिवशीच बघायची गोष्ट आहे. कारखान्याने शंभर कार्डं एकदम घेतली असतील तर कार्डाशी जोडलेला नंबर तुमचा असेलच असं नाही. कार्डाच्या मागे छापलेल्या साइटवर किंवा टोल फ्री नंबरवर जाऊन आपला नंबर नोंदवावा लागतो. तिथे नंबर बदलून मिळाला नाही, तर कार्ड ज्याने विकत घेतलं त्याच्यामार्फत, म्हणजे कंपनीच्या अकाउंट्स खात्यामार्फत, अर्ज करावा लागतो. गिफ्ट कार्डाच्या खरेदीदाराची केवायसी बँकेकडे असते, घेणाऱ्याची नसते, म्हणून हा वळसा. तिकिटाच्या दिवशी हे काम काढलं तर ते त्या दिवशी होत नाही.

पुन्हा भरता येणाऱ्या कार्डात वेगळी मेख आहे. १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकापासून नवं कार्ड देताना ऑनलाइन आणि परदेशी वापर बंद ठेवूनच ते दिलं जातं. ॲपमध्ये कार्ड कंट्रोल किंवा सेटिंग्जमध्ये ऑनलाइन वापराचं बटण सुरू करायचं आणि त्याच्याच खाली एका व्यवहाराची मर्यादा असते ती तिकिटाच्या रकमेच्या वर न्यायची. शिल्लक २२,००० आणि मर्यादा ५,००० अशी स्थिती असेल तर कार्ड नाकारलं जातं, आणि पानावर कारण दिसतं फक्त ‘पेमेंट अयशस्वी’. गिफ्ट कार्डांना हा बंद-चालूचा नियम बंधनकारक नाही, ती बहुधा सुरूच येतात.

आता रकमेचा हिशेब. प्रीपेड कार्डाचे बहुतेक नकार इथेच होतात, आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

समजा दोघांचं पुणे ते कोची एकेरी तिकीट आहे. पहिल्या पानावर दिसलं ते मूळ भाडं. पुढे त्यात विमानतळाचं वापरशुल्क, इकॉनॉमीवरचा ५ टक्के जीएसटी वगैरे मिळून रक्कम झाली ९,५४०. कार्ड दहा हजारांचं. निवांत बसतंय असं वाटतं. अगदी शेवटी, कार्डाचे आकडे टाकायच्या पानावर, कन्व्हिनियन्स फी येते, आणि ती बहुतेक कंपन्यांकडे दर माणशी आणि प्रवासाच्या दर टप्प्याला असते. माणशी ३०० धरली तरी दोघांची ६००. एकूण झाले १०,१४०. कमी पडले १४०, आणि नाकारला गेला पूर्ण व्यवहार. कार्डात आहेत तेवढे दहा हजार घ्या, वरचे १४० यूपीआयने देतो, अशी सोय विमान कंपनीच्या पानावर सहसा नसते. जाऊन-येऊन एकत्र काढलं की हीच फी दुप्पट होते. तिकीट रद्द केलं तर ती परतही मिळत नाही.

म्हणून आधी कार्ड न टाकता शेवटच्या पानापर्यंत जायचं, पूर्ण रक्कम कागदावर लिहायची आणि मग शिल्लक तपासायची. कमी पडत असेल तर रक्कम खाली आणायच्या जागा आहेत. सीट निवडायच्या पानावर खिडकीची, पुढची सीट आपोआप सुचवलेली असते, ती सोडून ‘पुढे जा’ किंवा ‘नंतर निवडा’ करायचं. विम्याची खूण काढायची. जेवण, लवकर चेक-इन, जादा सामान यांच्या खुणा बघायच्या. देशांतर्गत प्रवासात १५ किलोचं सामान बहुतेक स्वस्त भाड्यांतही धरलेलं असतं. फक्त ‘सामान नाही’ असं लिहिलेलं सगळ्यात खालचं भाडं निवडलं असेल तर ते नसतं, आणि गावाकडून हळद, बेदाणा, भाकरीचं पीठ घेऊन निघणाऱ्या माणसाला ते भाडं शेवटी महागच पडतं.

एवढं करूनही दोघांचं बसत नसेल तर दोन वेगळी बुकिंग करायची, प्रत्येकाला एक कार्ड. यात कधी कधी फायदाच निघतो. विमानातल्या जागा भाड्याच्या टप्प्यांत विकल्या जातात. खालच्या टप्प्यात एकच जागा उरली असेल आणि तुम्ही दोघांसाठी शोधलं, तर दोघांनाही वरचं भाडं दिसतं. एकेकट्याने शोधलं तर पहिल्याला खालचं मिळतं. तोटाही सांगायला हवा. पीएनआर, म्हणजे बुकिंगचे क्रमांक, वेगळे झाले की विमान रद्द होऊन दुसऱ्या विमानात बसवायची वेळ आली तर दोघांना वेगवेगळी विमानं मिळू शकतात. म्हाताऱ्या आई-वडिलांसोबत जाताना हा धोका घेऊ नये. लहान मुलाचं बुकिंग मोठ्या माणसाशिवाय एकट्याचं करायला साइट सहसा देत नाही, त्यामुळे मूल ज्याच्याबरोबर आहे त्याच पीएनआरवर ठेवावं लागतं.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूर विमानतळावरून निघणाऱ्यांनी वेळेचा जास्त विचार करावा. सांगलीपासून ते ५० किलोमीटरच्या आसपास, पुण्यापेक्षा कितीतरी सोयीचं, पण तिथली विमानं छोटी. इंडिगोच्या एटीआर ७२ मध्ये ७८ जागा असतात. पेमेंट एकदा नाकारलं गेलं, पुन्हा सगळं भरायला दहा मिनिटं गेली, तेवढ्यात स्वस्त टप्पा संपलेला असू शकतो, आणि मग वाढलेलं भाडं कार्डाच्या शिल्लकीच्या बाहेर जातं. मुंबईहून जाणाऱ्यांनी विमानतळाचा कोड बघावा. नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झालंय, त्याचा कोड एनएमआय, जुन्या मुंबईचा बीओएम. सांगली-साताऱ्याहून येणाऱ्याला नवी मुंबई अलीकडे पडतं. चुकीचं निवडलं तर बदलाचे पैसे भरावे लागतात, आणि प्रीपेड कार्डात तेवढे उरलेलेच नसतात.

कंपनीच्या जेवणाच्या कार्डाबद्दल थोडक्यात. प्रत्येक व्यापाऱ्याला धंद्याच्या प्रकाराचा एक चार आकडी कोड दिलेला असतो. विमान कंपन्यांचा सर्वसाधारण कोड ४५११, मोठ्या कंपन्यांना ३००० पासून पुढचे स्वतंत्र कोड, ट्रॅव्हल एजंटांना ४७२२. जेवणाच्या कार्डात खाण्यापिण्याचे कोड तेवढे उघडे असतात. शिल्लक वीस हजार असली तरी ४५११ दिसला की कार्ड नाही म्हणतं, आणि यावर कस्टमर केअरकडेही उपाय नसतो. काही गिफ्ट कार्डांवरही ठरावीक कोड बंद असतात. ते कार्डाबरोबरच्या अटींच्या कागदावर लिहिलेलं असतं, तिकिटासाठी मुद्दाम कार्ड विकत घेत असाल तर काउंटरवरच विचारून घ्या.

परदेशी स्वस्त कंपन्यांकडे गिफ्ट कार्ड घेऊन जाऊच नये. कार्डावर बारीक अक्षरांत ‘फक्त भारतात वैध’ अशी ओळ असते. फसगत अशी होते की साइटवर रक्कम रुपयांतच दिसते, म्हणून व्यवहार देशातला वाटतो, पण पैसे गोळा करणारी बँक परदेशातली असली की तो परदेशी व्यवहारच धरला जातो. तिथल्या पानावर बिलिंगचा पत्ता मागतात, गिफ्ट कार्डाला तर पत्ताच जोडलेला नसतो. काही कंपन्या विमानतळावर पैसे भरलेलं कार्ड दाखवायला सांगू शकतात आणि त्यावरचं नाव प्रवाशाच्या नावाशी ताडतात. अशा तिकिटाला फॉरेक्स कार्ड योग्य, मात्र ज्या चलनात पैसे भरून ठेवलेत तेच चलन साइटवर निवडायचं, नाहीतर चलनबदलाचं शुल्क लागतं. उलट फॉरेक्स कार्डावर ‘भारत, नेपाळ, भूतान येथे वैध नाही’ असं छापलेलं असतं, त्यामुळे पुणे-दिल्लीला त्याचा काही उपयोग नाही.

पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, ही सगळ्यात धास्तीची वेळ. आधी ईमेलचा स्पॅम फोल्डर बघा, मग कंपनीच्या साइटवर बुकिंग शोधा, आणि कार्डाची शिल्लक तपासा. शिल्लक कमी झाली असेल तर त्याच कार्डाने पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, आत पैसेच नाहीत. प्रवास तातडीचा असेल तर दुसऱ्या मार्गाने तिकीट काढा, पण पहिलं बुकिंग उशिरा पक्कं झालेलं नाही ना, याची एकदा कंपनीच्या कस्टमर केअरकडे खात्री करून घ्या. तारीख, वेळ, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि संदेशातला व्यवहार क्रमांक यांचा स्क्रीनशॉट ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ऑनलाइन कार्ड व्यवहारात पैसे कापले गेले आणि व्यापाऱ्याला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे. ही ओळ तक्रारीत लिहा. तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी टोल फ्री नंबर १४४४८. विमान कंपनीच्या बाजूने टाळाटाळ होत असेल तर तक्रारीसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे.

गिफ्ट कार्डाचे गुण खरे कमी होतात ते परताव्यात. तिकीट रद्द केलं की पैसे ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत येतात, म्हणजे त्याच कार्डावर. आणि तिकीट निघालं, कार्ड रिकामं झालं, म्हणून ते कचऱ्यात गेलेलं असतं. कार्ड पुन्हा भरता येत नाही हा नियम परताव्याला लागत नाही. रद्द झालेल्या व्यवहाराचे पैसे कार्डावर जमा करावेच लागतात, त्याने मर्यादा ओलांडली गेली तरीही. स्वस्त तिकीट रद्द केल्यावर भाड्यातलं काहीच परत येणार नाही अशी समजूत आहे, तीही पूर्ण बरोबर नाही. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सरकारी कर, विमानतळाचं वापरशुल्क हे ‘परतावा नाही’ प्रकारच्या तिकिटावरसुद्धा, अगदी विमान चुकलं तरी, परत द्यावं लागतं. चौघांच्या तिकिटावर ही रक्कम हजारांत जाते.

म्हणून प्रवास होऊन परतावा वगैरे सगळं मिटेपर्यंत कार्ड घरात जपून ठेवा, कपाटात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं तरी चालेल, पण ठेवा. रद्द करताना ‘क्रेडिट शेल’ (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच ठेवलेली शिल्लक) आणि ‘मूळ पेमेंट पद्धत’ असे दोन पर्याय आले तर दुसरा निवडा. पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की नाही हे ठरवायचा हक्क डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेच्या नियमाने प्रवाशाचा आहे, कंपनीचा नाही. कार्डाची मुदत प्रवासाच्या तारखेच्या पुढे किमान दोन-तीन महिने असावी. मुदत संपलीच तर गिफ्ट कार्डाचं नूतनीकरण किंवा बदली कार्ड मागता येतं, फक्त त्यासाठी कार्डाचा नंबर आणि नोंदवलेला मोबाइल हाताशी लागतो. कार्ड हरवलं तर ते ब्लॉक करताना ‘यावर परतावा येणार आहे’ हे सांगून बदली कार्डाला जोडून घ्या.

ज्यांना यातलं काहीच नको आहे त्यांनी पूर्ण केवायसीचं प्रीपेड वॉलेट यूपीआयला जोडावं. २७ डिसेंबर २०२४ पासून असं वॉलेट दुसऱ्या यूपीआय ॲपमधूनही वापरता येतं. विमान कंपनीच्या पानावर यूपीआय निवडलं की कार्डाचे आकडे, सीव्हीव्ही, नाव, सगळंच टळतं. मुख्य बँक खातं न वापरता ठरावीक रक्कम बाजूला ठेवून तिकीट काढायचं असेल तर यापेक्षा सोपा मार्ग नाही.

सांगलीत हरभट रोडपासून विश्रामबागेपर्यंत ट्रॅव्हल एजंट आहेत, आणि रोखीने तिकीट काढणाऱ्याला तेच बरे. त्यांच्याकडे स्वाइप मशीनवर गिफ्ट कार्ड चालवता येतं, आणि साइटवर न होणारी एक गोष्ट होते: कार्डातले दहा हजार स्वाइप करून वरचे १४० रोख देता येतात. स्वाइपवर वेगळे दोन टक्के लावतात का, ते आधी विचारा. तिकिटावर मोबाइल आणि ईमेल तुमचाच टाकायला सांगा, नाहीतर विमानाची वेळ बदलल्याचा संदेश एजंटाकडे जातो आणि तुम्ही पहाटे तीनला निघून पुण्याच्या लोहगाव विमानतळावर जाऊन बसता. रद्द केल्यावर पैसे आधी एजंटाच्या खात्यावर येतात, म्हणून त्याची सेवाफी आणि कंपनीचं शुल्क वेगवेगळं लिहिलेली पावती घ्या.

तिकीट काढून कार्डात ३६० रुपये उरले तर मोबाइल रिचार्ज करून संपवता येतात, किंवा किराणा मॉलमध्ये ‘या कार्डावर ३६० घ्या, बाकी रोख देतो’ असं सांगून. पण हे प्रवास झाल्यावर. त्याआधी त्याच ३६० मध्ये विमानतळावर जादा किलोचे पैसे भरायची वेळ येऊ शकते.